सुकाणू सोडणाऱ्या तांबोळी मॅडम

तांबोळी मॅडम समुद्रात बुडून गेल्या, असं आमच्या शाळेत अजूनही सांगितलं जातं. नवीन शिक्षक रुजू झाला की शिपायापासून सगळे ही गोष्ट रंगवून सांगतात. मी दरवेळी मध्ये पडतो. "अहो, समुद्रावरून परतल्यावर थोड्याच दिवसांत त्या डेंग्यूनं गेल्या. रास्ता पेठेत, घराजवळच्याच दवाखान्यात." ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. भूगोलाच्या निवृत्त बाई, एकट्या, शिडाची होडी आणि समुद्र, एवढं सगळं जमून आल्यावर शेवटी डास यावा, हे लोकांना पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटलेलं नाही. कारण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दवाखान्यात नव्हे, दाभोळच्या धक्क्यावरून. ते ओघात येईलच.

मॅडम मला नीट कळल्या, असा माझा दावा नाही. मी मराठी शिकवतो, त्या भूगोल शिकवत. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, आणि त्या निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्याकडे जरा गोंधळूनच बघत होतो. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती सलवार-कमीज, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर पुरुषी, भलं मोठं घड्याळ. बोलणं अगदी मोजकं. त्यांचं एक वाक्य मात्र शाळेत प्रसिद्ध होतं : "करू दे तिला." खिडकी वाऱ्यानं आपटत असली, दोन बाया भांडत असल्या, एखादी मुलगी फळ्यावर चुकीचा नकाशा काढत असली, तरी मॅडम हात मागे बांधून म्हणणार, "करू दे तिला. येईल जागेवर."

एकदा तास चालू असताना त्या मला वर्गाबाहेर खांबाला टेकून, डोळे मिटून उभ्या दिसल्या. मला वाटलं, चक्कर आली.

"मॅडम, बरं वाटत नाही का?"

"श्श. वर्ग चालतोय."

आत खरोखरच वर्ग चालला होता. समुद्राकडून वारा दुपारीच का येतो, यावर मुली तावातावानं भांडत होत्या. प्रश्न विचारून मॅडम बाहेर पडल्या होत्या.

"किती वेळ चालतो ते बघतेय," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि थांबला तर?"

"तर आत जाईन."

"नाही थांबला तर?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी महत्त्वाचं विचारलंय. तेवढ्यात मुख्याध्यापिका जिना चढून आल्या. त्यांना हा प्रकार आधीपासूनच मान्य नव्हता. "तांबोळी, आपल्याला शिकवण्याचा पगार मिळतो, ऐकण्याचा नाही," एवढं बोलून त्या पुढे गेल्या. मॅडम आत गेल्या. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बाहेर उभ्या होत्याच.

शिडाच्या होडीचा नाद त्यांना उशिरा लागला. खडकवासल्याला मुलींचं एक शिबिर होतं, त्याला सोबत म्हणून त्या गेल्या आणि मुलींपेक्षा जास्त त्याच शिकून आल्या. हे मला ठाऊक होतं, पण मी ते मनावर घेतलं नव्हतं. निवृत्तीनंतर एक दिवस त्या शाळेत आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "पायगुडे सर, तुमचं घर पाण्याजवळ आहे ना?"

आमचं गाव धरणाच्या पाण्याला लागून आहे. आता ते पुण्यातच आल्यासारखं झालंय. कोण ना कोण रोज जमीन विचारायला येतं. मी सवयीनं म्हणालो, "जागा विकायची नाही हो आम्हाला."

"जागा नको. होडी ठेवायचीय."

माझा थोरला भाऊ सदूदादा अजून गावात राहतो. मॅडमना घेऊन गेलो तेव्हा त्यानं त्यांना आधी खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग म्हणाला, "म्हशी इकल्या. गोठा रिकामाच हाय. होडीला चारा लागत नसंल तर आणा." मॅडमना हसू आलं नाही. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "नाही लागत." दादा गडबडला. पुढे कित्येक दिवस तो मला विचारत होता, "बाईला माझी चेष्टा कळली न्हाई का माझी चेष्टा केली?"

होडी जुनी होती, लहान, दोन माणसं जेमतेम बसतील अशी. पाण्यावर जायची परवानगी, अंगावरचं नारिंगी जाकीट, सगळं त्यांनी रीतसर मिळवलं होतं. फक्त एकच गोष्ट त्यांना हवी होती, ती ऐकून आम्ही सगळेच चक्रावलो. त्यांना सुकाणू सोडायचं होतं.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे हात काढून घ्यायचा. आणि होडी सरळ जात राहिली पाहिजे."

"मोटर लावून?"

"नाही. तिची ती."

मग त्यांनी मला गोठ्यात उभं करून समजावलं. शिडाची दोरी एका कप्पीतून फिरवून सुकाणूच्या दांड्याला बांधायची. दांड्याच्या दुसऱ्या बाजूला रबरी नळी बांधायची, रक्त घेताना दंडाला आवळतात ना, तसली. वारा वाढला की होडी वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघते. पण त्याच वेळी शीड जोरानं ओढतं, दोरी ताणली जाते, दांडा त्या बाजूला खेचला जातो आणि होडी परत वाटेवर येते. वारा पडला की रबर दांड्याला मागे आणतं. झालं. जो वारा होडीला वाट सोडायला लावतो, तोच तिला वाटेवर आणतो.

"कळलं?" त्यांनी विचारलं.

"कळलं," मी म्हणालो. मला काही कळलं नव्हतं. माझ्या हातात छत्री आणि त्यांच्या हातात रबर, असा प्रयोगही त्यांनी करून दाखवला. छत्री उलटी झाली. दादा दारातून बघत होता. "सर, तुमाला नापास केलं बाईनी," तो म्हणाला.

रबराचा ताण किती ठेवायचा, गाठ कुठे मारायची, कोणत्या वाऱ्याला कोणती कप्पी, यात त्यांचा पूर्ण हिवाळा गेला. वारा मागून आला की सगळी बांधणी बिघडे आणि होडी डोकं फिरल्यासारखी गोल फिरे. मॅडम सगळं सोडून पुन्हा बांधत. चिडलेल्या मी त्यांना पाहिलं नाही.

आता एकट्यानंच का जायचं, हा प्रश्न सगळ्यांनी त्यांना विचारला. मुख्याध्यापिकांना त्यांनी सांगितलं, "व्यायाम होतो." दादाला सांगितलं, "पाणकावळे बघते." मला म्हणाल्या, "इतकी वर्षं वारे शिकवले, ते खरे आहेत का बघायचंय." आणि नवऱ्याला सांगितलं, "तुम्हाला दुकान आहे म्हणून." आम्ही चौघं एकत्र येऊन ही उत्तरं जुळवली असती तरी काही हाती लागलं नसतं.

रशीदभाई, त्यांचे यजमान, यांचं बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान. उंच, वाकलेले, मृदू आवाजाचे. बायकोशी घरात दखनीत बोलत आणि आमच्याशी अगदी सदाशिव पेठी मराठीत. त्यांना पाण्याची भीती होती, पण ते ती कबूल करत नसत. एकदा दुकानात मला चहा पाजून त्यांनी हळूच विचारलं, "सर, आपल्याला म्हणून विचारतो. ती माझ्यावर नाराज आहे का?"

"छे हो. का?"

"एकटीच का जाते मग? मुली लग्न होऊन गेल्या. घरात दोघंच आम्ही. मी काही बोलतसुद्धा नाही."

मी म्हणालो, "विचारा ना त्यांनाच."

"विचारलं. म्हणाली, दुकान आहे म्हणून." त्यांनी एकदा दुकानभर नजर फिरवली. "दुकान तर पहिल्यापासूनच आहे."

मग त्यांनी आपल्या परीनं मार्ग काढला. घरी बसून त्यांनी एक डबा तयार केला. डब्यात होकायंत्र, एक छोटी मोटर आणि बॅटरी. होडीनं दिशा बदलली की होकायंत्राला कळणार आणि मोटर सुकाणूचा दांडा ढकलणार. रबरं, दोऱ्या, काही नको. तो डबा घेऊन ते एका रविवारी आमच्या गावी आले, आणि चाचणीसाठी स्वतः होडीत बसले. भीती होती म्हणून सोबत गाण्यांचा छोटा स्पीकर घेतला होता. गाणी लागली की त्यांना धीर येई.

आम्ही काठावरून बघत होतो. डबा चालू झाला, मॅडमनी हात सोडला, आणि होडी सरळ लव्हाळ्यात गेली. ओढून बाहेर काढली. पुन्हा चालू केला, पुन्हा लव्हाळ्यात. रशीदभाईंनी घाबरून जागा बदलली, पलीकडे सरकले. तर होडी वळून पलीकडे निघाली. ते परत इकडे आले, होडी इकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला की बघत राहावं. "शहनाज! मैं जिधर, ये उधर!" ते बायकोला ओरडून म्हणाले.

मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी रशीदभाईंच्या मांडीवरचा स्पीकर उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. "यात लोहचुंबक असतं ना?"

रशीदभाईंनी कपाळावर हात मारला. आयुष्यभर स्पीकर विकलेला माणूस. होकायंत्र बिचारं उत्तर दिशा सोडून त्या गाण्यांच्या मागे लागलं होतं. स्पीकर काठावर ठेवल्यावर डबा छान चालला. पण मॅडमनी तो वापरला नाही. घरी नेऊन कपाटात ठेवला. "बॅटरी संपली की मग?" एवढंच म्हणाल्या. रशीदभाईंना वाईट वाटलं की नाही, ते मला कळलं नाही. पुढच्या रविवारी ते रबरी नळ्यांचं भेंडोळं घेऊन आले होते.

आणि मग एका दुपारी ती बांधणी जमली. रशीदभाई दुकानात होते. काठावर मी आणि दादा. मॅडम पाण्याच्या मध्यावर होत्या. त्यांनी दांड्यावरून हात काढला, बराच वेळ बसून राहिल्या आणि मग आम्हाला दाखवायला दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. होडी सरळ जात होती. एवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि मॅडम पाण्यात पडल्या.

होडी थांबली नाही. अगदी मॅडम होडीत असताना जात होती तशीच, किंबहुना हलकी झाल्यानं जास्त वेगात, ती पुढे गेली. दादा कपड्यांसकट पाण्यात घुसला. नारिंगी जाकिटात तरंगत मॅडम त्याला दोन्ही हातांनी खुणा करत होत्या. दादाला वाटलं, वाचवा म्हणतायत. जवळ गेल्यावर ऐकू आलं, "मला सोडा, तिकडे बघा! तिकडे!"

होडी थेट पलीकडच्या काठाला एका हॉटेलखाली चिखलात रुतली. भजी खाणाऱ्या लोकांनी तिचे फोटो काढले.

काठावर येऊन ओल्या अंगानं बसत मॅडमनी मला विचारलं, "सरळ गेली ना?"

"गेली."

"मी नसताना!" त्या आनंदानं म्हणाल्या. मग थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "मी नसताना." या वेळी आवाज वेगळा होता. अभिनंदन करावं की समजूत घालावी, मला काही सुचेना.

नंतर कितीतरी रविवार त्या आल्याच नाहीत. दादा म्हणाला, "भ्याल्या." पण त्या आल्या, आणि येताना एक लांबलचक दोरी घेऊन आल्या. ती होडीच्या मागे पाण्यात सोडायची. पडलं तर पोहत ती धरायची. दोरीला ओढ बसली की दांड्याची गाठ सुटणार, होडी वाऱ्याकडे तोंड करून थांबणार. "एकट्या माणसाला ही दोरी पाहिजेच," त्या म्हणाल्या. ते बोलताना त्यांनी माझ्याकडे नाही, रशीदभाईंकडे पाहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्या समुद्रावर निघाल्या. हर्णैहून दाभोळ, किनाऱ्याकिनाऱ्यानं, एका दिवसाचा प्रवास. होडी दादानं त्याच्या टेंपोतून हर्णैला आणली आणि तो तिथेच थांबला. मी आणि रशीदभाई त्यांच्या गाडीतून किनाऱ्याच्या रस्त्यानं बरोबर जाणार होतो. म्हणजे समुद्रात मॅडम आणि रस्त्यावर आम्ही.

सकाळी त्या निघाल्या. आम्ही प्रत्येक वळणावर गाडी थांबवायचो, रशीदभाई दुर्बीण लावायचे, "आहे" म्हणायचे आणि आम्ही पुढे. लाडघरला नारळपाणी घेतलं. रशीदभाई जरा मोकळे झाले होते. "बसलेली दिसतेय. काहीतरी खातेय बहुतेक," ते म्हणाले. मध्ये डोंगराआड रस्ता गेला. फोनला रेंज नव्हती. कोळथऱ्याच्या पुढे पुन्हा समुद्र दिसला, तेव्हा रशीदभाईंनी दुर्बीण लावली, पण या वेळी "आहे" आलं नाही.

"दिसली का?"

"होडी दिसतेय."

त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. शीड भरलेलं होतं, होडी सरळ, छान चालली होती. आत कोणी नव्हतं.

"मागची दोरी बघा," रशीदभाई म्हणाले. "दोरीला कोणी आहे का?"

एवढ्या लांबून दोरी दिसणं शक्य नव्हतं. मी तसं म्हणालो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. ते गाडीत सवयीनं स्टिअरिंगसमोर बसले. मग उतरून पलीकडे गेले. दाभोळपर्यंत गाडी मी चालवली. वाटेत ते एकदाच बोलले : "ती सांगत होती, गाठ सुटते म्हणून. मग होडी थांबली का नाही?" याचा अर्थ काय होतो, ते आम्हा दोघांनाही कळत होतं आणि आम्ही दोघंही तो लावत नव्हतो.

दाभोळच्या धक्क्यावर एका मच्छीमारानं आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता इंजिन सुरू केलं. पाण्याची भीती असलेले रशीदभाई त्या बोटीत पुढे, उभे. खाडीच्या तोंडाबाहेर आलो, तर समोरून ती होडी येतच होती. कोणाचा हात नसताना शांतपणे लाटा चढत-उतरत होती. दांडा आपोआप थोडा इकडे, थोडा तिकडे होत होता. रशीदभाईंनी हाक मारली. आतून काही हललं नाही.

मच्छीमारानं बोट अगदी जवळ घातली. इंजिनचा धडधडाट वाढला. आणि होडीच्या कडेवर आधी एक हात आला, मोठ्या घड्याळाचा. मग मॅडमचा चेहरा. गालावर दोरीचे वळ, चष्मा वाकडा.

"क्या हुआ?" त्या म्हणाल्या. "तुम यहाँ कैसे?"

त्या झोपल्या होत्या. होडीच्या तळाशी, दोऱ्यांच्या वेटोळ्यावर डोकं ठेवून, भर समुद्रात.

रशीदभाई खाली बसले. रडले, आणि रडतारडता ओरडले. मी त्यांना कधी ओरडलेलं ऐकलं नव्हतं. काय ओरडले ते इंजिनात अर्धं बुडालं. मॅडम ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळेपणा होता, पण आणखीही काहीतरी होतं, भरपूर झोप झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं. "डोळा लागला हो," एवढंच त्या म्हणाल्या. मच्छीमार माझ्याकडे वळून म्हणाला, "समुद्रात झोपली बाय? होडी कोण चालवीत होता?"

रात्री मुक्कामाच्या घरी जेवताना दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मॅडम हात धुवायला गेल्या तेव्हा मी मागोमाग गेलो आणि विचारलं, "मॅडम, ठरवून झोपलात का?"

त्यांनी टॉवेलनं एकेक बोट पुसलं. "माहीत नाही, सर," त्या म्हणाल्या. त्यांनी मला दिलेल्या सगळ्या उत्तरांत हे एकच मला खरं वाटलं.

सकाळी जमिनीकडून वारा सुटला होता. परत हर्णैला जायला चांगला. माझी शाळा उघडत होती, म्हणून गाडी मी पुण्याला न्यायची आणि मॅडमनी हर्णैहून दादाच्या टेंपोतून यायचं, असं ठरलं. मला वाटलं, रशीदभाई माझ्याबरोबर गाडीत येतील. तर ते धक्क्यावर जाकीट चढवून उभे. पट्टे उलटे लावलेले.

"तुम्ही?" मी विचारलं.

"मी जागा राहीन," ते म्हणाले.

मॅडमनी त्यांचे पट्टे सोडून नीट बांधले, जरा जास्तच घट्ट, आणि हात धरून त्यांना होडीत उतरवलं. शीड वर गेलं. बांधलेल्या बोटींमधून होडी बाहेर पडली. दोरी कप्पीतून घेतली, रबर ओढून अडकवलं आणि मॅडम दांडा सोडून पुढे, रशीदभाईंच्या समोर जाऊन बसल्या. पाठ आमच्याकडे.

खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत दोघांचं सुरू झालं होतं. कालचं राहिलेलं असणार. रशीदभाई बोट नाचवत होते, मॅडम दोन्ही हात हवेत उडवत होत्या. सुकाणूवर कोणीच नव्हतं. धक्क्यावरचे मच्छीमार हातातली जाळी खाली टाकून उभे राहिले आणि ओरडायला लागले, "ओ बाय! सुकान धरा! सुकान!"

मॅडमनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, आम्ही निरोप देतोय. त्यांनी हात हलवला. रशीदभाईंनीही हलवला. खाडीबाहेर वारा फिरला तशी होडी दगडांना वळसा घालून उत्तरेकडे लागली, आणि ते दोघं पुन्हा भांडायला लागले. किंवा हसायला. एवढ्या लांबून ते कळत नव्हतं.